मार्व्हल अल्टिमेट अलायन्स पहिल्यांदाच खेळतोय, टीममध्ये कोणाला घेऊ?

तुम्ही विचारलंय की मित्राकडून जुना पीएस टू (प्लेस्टेशन टू) आणि अल्टिमेट अलायन्सची सीडी मिळालीये, एकटेच खेळताय, दर लेव्हलला हिरो बदलून बघताय आणि तरी सारखे मरताय. उत्तर एका ओळीत सांगायचं तर हिरो बदलणं बंद करा.

आता जरा सविस्तर. हा गेम २००६चा, रेव्हन सॉफ्टवेअर कंपनीचा, त्याच लोकांनी आधी एक्स-मेन लेजंड्स हा गेम बनवलेला. डॉक्टर डूम सगळ्या व्हिलन लोकांची मोट बांधून शिल्ड या गुप्तहेर संघटनेच्या हेलिकॅरिअरवर, म्हणजे उडत्या जहाजावर, हल्ला करतो तिथून सुरुवात, हातात कॅप्टन अमेरिका, स्पायडरमॅन, थॉर आणि वुल्व्हरिन, आणि पहिलीच लेव्हल संपता संपता फिन फँग फूम नावाचं ते अवाढव्य ड्रॅगन जहाजाला धरून बसतं. त्यानंतर हिरोंची लांबलचक यादी समोर येते आणि माणूस थाळी बघून बावचळतो तसं होतं, सगळंच थोडं थोडं चाखू म्हणतो. तुमचं तेच झालंय.

गेममध्ये मिळणारे पैसे हिरोच्या कॉस्च्युमवर लागतात. प्रत्येकाचे चार कॉस्च्युम आणि प्रत्येक कॉस्च्युमचे फायदे वेगळे, ते पैसे भरून वाढवायचे. आता हाच पैसा तुम्ही दहा जणांत वाटलात तर दहाही जण अर्धेकच्चे राहणार ना. शिवाय स्वतःची टीम बनवून तिला नाव देता येतं, आणि तीच माणसं टिकवली की टीमचं नाव गाजत जातं आणि चौघांनाही वरून बोनस मिळतो. आमच्या टीमचं नाव होतं 'गल्ली नंबर चार', चुलतभावाने एकेक अक्षर शोधत टाईप केलेलं. फँटास्टिक फोरचे चौघे किंवा ॲव्हेंजर्समधले चौघे एकत्र घेतले तर त्याचाही वेगळा बोनस आहे, पण एकट्याने खेळताना मी त्या भानगडीत पडणार नाही.

माझी टीम सांगतो, पटली तर घ्या. पुढे मार खायला वुल्व्हरिन, कारण त्याची जखम आपोआप भरते. लांबून झोडपायला आईसमॅन नाहीतर स्टॉर्म. थॉर हवाच, उडतो पण आणि मारतो पण. चौथी जागा मनाची, मी स्पायडरमॅन ठेवायचो, जाळ्यात गुंडाळून ठेवलेला शत्रू काही काळ तरी गप्प बसतो आणि झोके घेत जायला मजा येते ते वेगळंच. चौघेही जवळून हाणामारी करणारे घेतलेत की बॉसपुढे (लेव्हलच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपुढे) सगळे एकदमच आडवे होतात, कारण बाकीच्या तिघांना कॉम्प्युटर चालवतो आणि कॉम्प्युटरला जीव वाचवायची अक्कल जरा कमीच आहे. आणि पडलेला हिरो लगेच परत मिळत नाही, त्यामुळे कोणाची जीव दाखवणारी लाल पट्टी उतरायला लागली की डी-पॅडने (कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणांनी) तो हिरो स्वतःच्या हातात घ्या आणि त्याला घेऊन मागे व्हा.

पॉवर वाढवायच्या पॉइंटचं म्हणाल तर ऑटो बंद करून स्वतः टाका. ऑटो सगळीकडे थोडं थोडं शिंपडतं. दोन पॉवर निवडा, एक एकाला जोरात लागणारी, एक गर्दी उडवणारी, आणि त्यांनाच वाढवत न्या. बाकीच्या पडून राहू देत.

आणि सेव्ह! शिल्डचा सेव्ह पॉइंट दिसला की आधी सेव्ह, मग बाकीचं. हे मी अनुभवाने बोलतोय. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आम्ही चार भावंडं, कंट्रोलर दोनच, त्यामुळे दोघं खेळणार आणि दोघं मागे बसून अक्कल शिकवणार, त्यात स्क्रीन सगळ्यांना एकच, एक पुढे पळाला की दुसरा अडकतो आणि "अरे मागे ये ना" म्हणून बोंबाबोंब. मेफिस्टो नावाच्या सैतानाच्या राज्यात एक जागा येते (पुढचं जाणून घ्यायचं नसेल तर हा परिच्छेद सोडा), तिथे एक्स-मेनमधले जीन ग्रे आणि नाईटक्रॉलर दोघं अडकलेत आणि वाचवता येतो एकच. ताई म्हणाली जीनला वाचवा, धाकटा रडायला लागला की त्या शेपटीवाल्या निळ्याला मरू द्यायचं नाही. दहा मिनिटं गेम तसाच उभा आणि इकडे कोर्टकचेरी. शेवटी ताईने दरडावून जीनला वाचवलं, आणि पुढच्या सेव्ह पॉइंटला पोचायच्या आधी लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते ते, चार तास पंखा पण नाही. लाईट आल्यावर अख्खा तो भाग परत खेळलो आणि धाकट्याने कंट्रोलर सोडलाच नाही, नाईटक्रॉलरला वाचवलं. कोणालाही वाचवलं तरी दुसऱ्याच्या मरणाची किंमत शेवटी वॉचर (सगळं बघत बसणारं गेममधलं पात्र) ऐकवतोच, मधली छोटी मिशनं केली की नाही त्याचाही हिशोब तिथेच होतो, म्हणून ती मिशनं वगळू नका.

पुढचे भाग हवे असतील तर दुसरा २००९चा, त्यात हिरोच आपापसात भांडतात आणि तुम्हाला बाजू निवडावी लागते, दोघांच्या पॉवर एकत्र करून मारता येतं ते भारी आहे. तिसरा २०१९चा, फक्त निन्टेंडोच्या स्विचवर. पहिले दोन २०१६मध्ये नव्या मशीनसाठी परत काढले होते पण २०१८मध्ये विक्रीतून गायब केले, त्यामुळे तुमच्या हातातली ती सीडी मित्राला परत द्यायची घाई करू नका, आणि ओरखडे पडू देऊ नका.