महायुद्धात बोट बुडाल्यावर १३३ दिवस तराफ्यावर काढणारा स्टुअर्ड कोण?

पून लिम. हैनान बेटावरचा चिनी पोरगा, ब्रिटिश मालवाहू 'बेनलोमंड'वर स्टुअर्ड. २३ नोव्हेंबर १९४२ला जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये बोट बुडवली. वाचला तो एकटाच. पोहणं बेताचं, म्हणून तराफ्याची दोरी मनगटाला बांधून ठेवायचा. (रामकुंडात पायरी न सोडता डुबकी मारणाऱ्या माझ्यासारख्या नाशिककराला हे लगेच पटलं!) शिधा संपत आल्यावर टॉर्चमधल्या तारेचा गळ केला, कॅनव्हासमध्ये पावसाचं पाणी धरलं, मासे चिरून दोरीवर वाळत घातले, कोकणात बोंबील घालतात तसे. एप्रिल १९४३मध्ये ब्राझीलच्या कोळ्यांनी उचललं, तर गडी किनाऱ्यावर उतरला तो स्वतःच्या पायांनी. पुढे ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. नंतर अमेरिकेतच स्थायिक झाला, १९९१मध्ये गेला.