ख्रिस्ती धर्मातली वैश्विक मंडळी (चर्च) आणि स्थानिक मंडळी यांत फरक काय?

बायबलच्या नव्या करारात ‘मंडळी’साठी मूळ ग्रीक शब्द एकच: एक्लेसिया, म्हणजे एकत्र बोलावलेले लोक. अर्थ संदर्भावरून ठरतो. मत्तय १६:१८ मध्ये येशू ‘माझी मंडळी’ म्हणतो, ती सर्व काळांतली, सर्व ठिकाणची. मत्तय १८:१७ मधला ‘मंडळीला सांग’ हा आदेश मात्र समोरासमोर जमणाऱ्या लोकांनाच पाळता येतो. ओळखायची सोपी खूण अशी की गावाचे नाव किंवा अनेकवचन असेल तर स्थानिक (गलती १:२ मध्ये ‘मंडळ्या’). ख्रिस्ताचे शरीर म्हणून सरसकट उल्लेख असेल, जसा इफिस १:२२-२३ मध्ये, तर वैश्विक.

पंथागणिक मांडणी बदलते. कॅथोलिक परंपरेत ‘स्थानिक चर्च’ म्हणजे बिशपचा धर्मप्रांत, जवळचे पॅरिश (एका पाळकाच्या हाताखालचा स्थानिक विभाग) नव्हे. इथे बरेच जण फसतात. बाप्टिस्ट प्रत्येक मंडळी स्वायत्त मानतात. आणि निकेया विश्वासांगीकार या ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राचीन कबुलीतला ‘कॅथोलिक’ हा शब्द रोमन कॅथोलिक चर्चचे नाव नाही, त्याचा अर्थ सार्वत्रिक. म्हणून तो अनेक प्रोटेस्टंटही म्हणतात.

‘मी वैश्विक मंडळीचा, स्थानिक कशाला?’ हा युक्तिवाद टिकत नाही. प्रभुभोजन, शिस्त (१ करिंथ ५), मंडळीच्या वडिलांची (एल्डर, म्हणजे नेमलेले पुढारी) देखरेख हे सगळे प्रत्यक्ष जमावातच घडते.