वाचक विचारतात: डोळ्यातली बाहुली आणि शाळेतला प्युपिल

प्रश्न: मुलीच्या सायन्सच्या पुस्तकात डोळ्यातल्या मधल्या काळ्या गोलाला प्युपिल म्हणून राहिले आणि शाळेच्या फॉर्मवर विद्यार्थ्यालाही प्युपिलच. शब्द एकच आहे का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: हो ताई, मूळ एकच. लॅटिनमध्ये 'पूपा' म्हणजे लहान मुलगी आणि बाहुलीसुद्धा, त्याच्यावरून 'पुपिल्ला' म्हणजे छोटीशी बाहुली. मुलीला उजेडात बसवा आणि अगदी जवळून तिच्या डोळ्यात बघा, त्या काळ्या गोलात तुमचंच इवलंसं चित्र दिसेल, रोमन लोकांनी तेच बघून नाव ठेवलं. आणि आपण मराठीत काय म्हणतो? बाहुलीच ना! संस्कृतात कनीनिका, तो कन्या शब्दाच्या नात्यातला, ग्रीकमध्ये 'कोरे', तीही मुलगीच. इतक्या भाषांमधल्या लोकांना डोळ्यात तेच दिसलं, मला तर हे फार भारी वाटतं. शाळेतला प्युपिल आला 'पुपिल्लुस'वरून, म्हणजे आईबाप नसलेलं, पालकाच्या ताब्यातलं मूल. विद्यार्थी हा अर्थ नंतरचा.

प्रश्न: आमच्याकडे संत्र्याच्या नर्सरीत जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरतात. पोराच्या डिक्शनरीत इनॉक्युलेट म्हणजे लस टोचणे, आणि खाली जुना अर्थ कलम करणे असा दिला आहे. झाडाचा अन् सुईचा काय संबंध? – एक वाचक, काटोल

उत्तर: काका, तुमचं डोळा भरणं हाच त्या शब्दाचा पहिला अर्थ. लॅटिन 'ओक्युलस' म्हणजे डोळा, माणसाचाही आणि फांदीवरचाही, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो, आणि आपला अक्षि त्याचाच चुलत भाऊ. 'इन' म्हणजे आत. जंबेरीच्या सालीला टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल हलकेच उकलायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा सालीसकट काढून आत सरकवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचा, 15व्या शतकातल्या इंग्रजीत इनॉक्युलेट म्हणजे हेच. पुढे देवीच्या रोगावर उपाय म्हणून निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन आजाऱ्याच्या फोडातला द्रव थोडासा आत घालायला लागले. ब्रिटिश राजदूताच्या पत्नी लेडी मेरी माँटेग्यू यांनी तुर्कस्तानात ही रीत बघितली होती आणि 1721 मध्ये लंडनला त्यांनी स्वतःच्या मुलीवर ती करवून घेतली. तीही चीरच, तेही आत घालणंच, म्हणून माळ्याचा शब्द डॉक्टरांकडे गेला. इंग्लंडच्या डॉक्टर जेनरची देवीची लस त्याच्यानंतरची, 1796ची, आणि तिच्या वॅक्सिन या नावात 'वाक्का' म्हणजे गाय आहे, कारण ती गाईच्या देवीपासून केली होती.

प्रश्न: बाबांच्या मोतीबिंदूच्या फाइलवर कॅटरॅक्ट लिहिलंय, भूगोलात नाईल नदीवरही कॅटरॅक्ट. कसं काय? – एक वाचक, महाल

उत्तर: लॅटिन 'काताराक्ता'चे दोन अर्थ होते, धबधबा आणि किल्ल्याच्या दारात वरून खाली सोडायचं जाळीचं फाटक. डोळ्यासाठी बहुधा फाटकाचा अर्थ घेतला, नजरेच्या वाटेत दार पडलं असा. पण पडत काहीच नाही, आतलं भिंगच गढूळ होतं, ऑपरेशनमध्ये ते काढून नवी लेन्स बसवतात, म्हणून मला आपला मोतीबिंदू जास्त अचूक वाटतो, पिकला की खरंच मोत्यासारखा पांढरा दिसतो. नाईलचे कॅटरॅक्ट पाण्याच्या अर्थाचे, अस्वान ते खार्तूममध्ये असे सहा मोजतात, पण ते उंचावरून कोसळणारे धबधबे नाहीत, खडकांमधून खळाळत जाणारा प्रवाह आहे.