एनएमआर म्हणजे फक्त केमिस्ट्री नव्हे

प्रश्न : मुलगी एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. थरांच्या संयुगांतलं चुंबकत्व एनएमआरने अभ्यासायचं, त्यातच पीएचडी करायची म्हणते. एनएमआर तर औषध कंपन्यांतले केमिस्ट वापरतात ना? यात नोकरी आहे का, की आताच डेटा सायन्सचा कोर्स लावू?
– एक पालक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स : चुंबकीय क्षेत्रात अणूचं केंद्रक रेडिओ लहरींना कसा प्रतिसाद देतं ते बघायचं. तंत्र तेच, पण केमिस्ट त्यातून रेणूची रचना काढतात आणि तुमच्या लेकीला घन पदार्थातली चुंबकीय चुळबुळ बघायची आहे.

बेरियम, लोह आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचंच बघा. त्यात लोह-आर्सेनिकचे थर एकावर एक रचलेले असतात. साधारण 140 केल्विनखाली (उणे 133 अंश सेल्सिअस) लोहाचं चुंबकत्व उलटसुलट दिशांनी, पण शिस्तीत बसतं. लोहाच्या जागी थोडा कोबाल्ट घातला की ही शिस्त ढिली पडते आणि अतिसंवाहकता येते, म्हणजे पुरेसं थंड केल्यावर वीज विनारोध वाहते. चुळबुळीचा तिच्याशी नेमका काय संबंध, यावर 2008पासून जगभर काम चाललंय. आर्सेनिकचं केंद्रक त्याच थरात बसलेलं असतं. 7 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात (टेस्ला हे त्याचं एकक) ते सुमारे 51 मेगाहर्ट्‌झला प्रतिसाद देतं. रेडिओ लहरीचा धक्का देऊन ते किती वेळात सावरतं ते मोजायचं. शेजारच्या लोहाची चुळबुळ त्या वारंवारितेला जितकी जोरदार, तितकं ते लवकर सावरतं. म्हणजे चुंबकीय हालचालीची खबर थेट अणूशेजारून मिळते! तांब्याच्या ऑक्साइडांत तर एकाच थरातले तांबं आणि ऑक्सिजन वेगवेगळी साक्ष देतात. दोन तांब्यांच्या मधोमध बसलेल्या ऑक्सिजनवर त्यांची विरुद्ध क्षेत्रं एकमेकांना खोडतात. हे समजून घेताना मुलगी जेवण विसरत असेल, तर तिला अडवू नका.

रोजचं काम मात्र चिकाटीचं आहे. मिलिमीटरभर स्फटिकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळायची, सर्किट ट्यून करायचं, हेलियमने थंड करायचं आणि एकेका तापमानाला तासन्‌तास सिग्नल जमवायचा. त्यासाठी नुसती हुशारी पुरत नाही, हाताला सवय लागते.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. पण रेडिओ फ्रिक्वेन्सी इलेक्ट्रॉनिक्स, अतिशीत तंत्र आणि डेटा विश्लेषण हे सगळं जमणारी माणसं एमआरआय व एनएमआर यंत्रं बनवणाऱ्यांना आणि क्वांटम प्रयोगशाळांना लागतात. डेटा सायन्स नंतरही शिकता येईल. आज त्यासाठी हे सोडायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

तिने पीएचडीसाठीच्या नेट-जेआरएफ, गेट आणि जेस्ट या परीक्षांची तयारी आतापासूनच करावी. जेआरएफ या संशोधनवृत्तीत पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये मिळतात, म्हणजे घरावर भार नाही. त्याआधी उन्हाळी सुटीत टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेच्या व्हीएसआरपी या विद्यार्थी-संशोधन उपक्रमाला किंवा विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपला अर्ज करावा. आयआयटी मुंबईच्या फिजिक्स विभागात चुंबकीय पदार्थांवर एनएमआरने काम होतं. तिथे ईमेल करून भेट मागावी. गाइड ठरवताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : स्फटिक कोण वाढवतं आणि द्रव हेलियम नियमित मिळतं का. या दोन्हींवाचून विद्यार्थ्यांची वर्षं अडकतात.