मासिक अहवाल रेंगाळतो

प्रश्न : आमच्या दूध सोसायटीच्या प्रणालीत पोस्टग्रेस या डेटाबेसवरून मासिक अहवाल निघायला 40 सेकंद लागतात. नवा सर्व्हर घ्यावा का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी मोजा, मग खर्च करा. क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा) ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावून चालवा; कोणत्या पायरीला किती वेळ लागतो ते दिसते. पहिली वेळ सोडा, कॅशे (आधी वाचलेला डेटा हाताशी ठेवणारी मेमरी) तेव्हा रिकामा असू शकतो. पुढच्या दहा वेळांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) घ्या. सरासरी एका संथ वेळेनेही फुगते. मोठ्या टेबलावर ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ (सगळ्या ओळी ओळीने वाचणे) होऊन बहुतेक ओळी गाळल्या जात असतील, तर तारखेवर इंडेक्स (हव्या ओळी पटकन शोधून देणारी सूची) करा. पण अटीत तारखेच्या रकान्यावर महिना काढणारे फंक्शन असेल, तर हा साधा इंडेक्स कामी येत नाही. 1 तारखेपासून पुढच्या 1 तारखेच्या आधीपर्यंत, अशी अट लिहा.

क्वेरी झटपट निघाली तर कोड पाहा. लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक सभासदासाठी वेगळी क्वेरी जात असेल, तर 500 सभासदांच्या 500 फेऱ्या होतात. जॉइन (टेबले जोडणारी क्वेरी) वापरून सगळी माहिती एकदाच आणा.