‘क्रूझ’ म्हणजे जहाज नव्हे

इंग्रजी ‘क्रूझ’ (cruise) या शब्दाचे सुरुवातीला दोनच अर्थ पक्के करा. नाम म्हणून क्रूझ म्हणजे जहाजातून केलेली मौजेची सफर. जहाज ते ‘क्रूझ शिप’. म्हणून ‘वी वेन्ट ऑन अ क्रूझ’. इथे ‘इन’ नको, आणि ‘अ’ गाळू नका. नवखे हमखास गाळतात.

क्रियापद म्हणून: एका लयीत, इंजिन न ताणता जाणं. ‘सावकाश’ असा अर्थ लावाल तर फसाल. प्रवासी जेट विमान ताशी 800–900 किमी वेगाने जातं, तरी ते ‘क्रूझ’च करत असतं! त्यावरूनच ‘क्रूझ्ड टू व्हिक्टरी’: घाम न गाळता जिंकले.

उच्चार ‘क्रूझ’च, ‘क्रुईज’ नाही. स्पेलिंगमधला ‘आय’ मुका. बाकीचे अर्थ सध्या राहू द्या.