वॉरंटी पाच वर्षांची, तक्रारीची मुदत दोनच वर्षांची

मुलुंडचा फ्लॅट भाड्यानं देऊन शहापूर तालुक्यातल्या शेतावर कायमच्या राहायला गेलेल्या एका ताईंचं पत्र आलंय. शेतापर्यंत महावितरणची लाइन नाही, दिवे-पंखे-फ्रिज सगळं सौर विजेवर. 2022च्या दिवाळीत पॅनेल, इन्व्हर्टर आणि दीडशे अॅम्पिअर-अवरच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या बसवल्या. खर्च 4 लाख 20 हजार. 21 जून 2023च्या रात्री दहा वाजता घर अंधारात गेलं आणि पुढे रोजच जाऊ लागलं. विक्रेत्यानं आज माणूस पाठवतो, उद्या पाठवतो करत जानेवारी 2024मध्ये चारांतली एक बॅटरी बदलून दिली. बाकी तीन तशाच. आता तो म्हणतो, जुन्या सगळ्या परत द्या, 40 टक्के सवलतीत लिथियमच्या देतो. ताईंचा प्रश्न असा, की ही सवलत घ्यावी का? जाता जाता त्यांनी लिहिलंय, ‘वॉरंटी पाच वर्षांची आहे, त्यामुळे तशी घाई नाही.’

त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यासाठीच मी हे उत्तर सगळ्यांसमोर देतेय. फ्रिज असो, पाण्याचा फिल्टर असो की सोसायटीची लिफ्ट, दर महिन्याला मला हेच वाक्य ऐकायला मिळतं.

ताई, घाई आहे. वॉरंटी हा विक्रेत्यानं आणि कंपनीनं तुम्हाला दिलेला शब्द. तो मोडला तर ग्राहक आयोगाकडे किती दिवसांत जायचं, हे वॉरंटी कार्ड ठरवत नाही. ते ग्राहक संरक्षण कायदा, 2019चं कलम 69 ठरवतं, आणि तिथे मुदत आहे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमचं कारण 21 जून 2023ला घडलं. म्हणजे 21 जून 2025ला दोन वर्षं भरतात. तो दिवस शनिवार आहे. मी हे मे 2025च्या अखेरीस लिहितेय. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत आणि त्यातला प्रत्येक दिवस मोलाचा आहे.

‘पण आम्ही सतत मेसेज करत होतो’ हे तुम्ही म्हणणारच. पत्रव्यवहारानं मुदत वाढत नाही. तुम्ही जोडलेले व्हॉट्सअॅपचे मेसेज मी वाचले. वर्षभर ‘दादा, काय झालं?’ आणि समोरून ‘कंपनीकडून येतंय’. या एका वर्षात वकिलाचं तोंडही न पाहता तुम्ही स्वतः तक्रार दाखल करू शकला असतात. मला याचा राग येतो, कारण असेच हातचे दावे मी बुडताना पाहिलेत.

जानेवारी 2024मध्ये एक बॅटरी बदलली, तेव्हा विक्रेत्यानं दोष मान्य केला, म्हणून मुदत तिथून मोजा, असा युक्तिवाद करता येईल. वॉरंटी चालू असताना प्रत्येक नकारानं नवं कारण उभं राहतं, असंही म्हणता येईल. मी असे युक्तिवाद केलेत. काही वेळा ते चाललेत, काही वेळा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2009मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या निकालात सांगितलंय, की समोरच्यानं मुद्दा काढला नाही तरी तक्रार मुदतीत आहे का, हे आयोगानं स्वतःहून पाहिलंच पाहिजे. उशीर माफ करण्याची तरतूद कलम 69मध्येच आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं. ‘विक्रेत्यावर विश्वास ठेवला’ हे कारण ऐकून आयोग काय करील, याची हमी मी देणार नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तक्रार दाखल झाली तर यातलं काहीच बोलावं लागणार नाही.

आता सवलतीचं. जुन्या बॅटऱ्या त्याच्या हातात देऊ नका. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तशी तरतूद कलम 38मध्ये आहे. बॅटऱ्याच भंगारात गेल्या तर तपासायचं काय? शिवाय सवलतीसोबत ‘आता कोणतीही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर सही मागितली जाईल. ती केलीत तर पुढचं सगळं संपलं.

21 जून ही तारीख तुमच्या बाजूचीसुद्धा आहे. विक्रेता म्हणेल, पावसाळ्यात ऊन कमी, बॅटरी भरत नाही. पण 2023 साली मोसमी पाऊस मुंबईत पोचला 25 जूनला. तुमच्या बॅटऱ्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, पाऊस लागण्याआधी, रात्री दहालाच बसल्या. इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये त्या दिवसाची नोंद असेल तर आजच उतरवून घ्या, विशेषतः अॅपचं लॉगिन विक्रेत्याकडे असेल तर. मेसेज आणि अॅपच्या नोंदींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. आयोगात पुराव्याचे नियम तितके कडक नसतात, तरीही जोडा.

विक्रेत्याचा दुसरा बचाव, तुम्हीच बॅटऱ्या नीट वापरल्या नाहीत हा, जास्त वजनाचा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. शेताचा पंप याच इन्व्हर्टरवर आहे का? चार बॅटऱ्यांत कागदावर साधारण सात युनिट वीज मावते आणि बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची असते. तीन हॉर्सपॉवरचा पंप ती दीडेक तासात संपवतो. रात्री पंप चालवत असाल, डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं नसेल, तर ते आत्ताच मला सांगा. खोटं प्रतिज्ञापत्र मी करून देणार नाही. उलट, तीन मरगळलेल्या बॅटऱ्यांच्या ओळीत एकच नवी जोडणं हे त्या धंद्यातही चुकीचं काम मानतात. जुन्या बॅटऱ्या नवीलाही खाली ओढतात. सेवेतली त्रुटी म्हणून हा मुद्दा तक्रारीत ठळक लिहायचा.

पैशाबद्दल मात्र तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेतलंय. पक्कं बिल 2 लाख 70 हजारांचं, बाकी दीड लाख रोख, पावती नाही. जीएसटी वाचवायला विक्रेत्यानं सुचवलं आणि तुम्ही मान डोलावलीत. बँकेतून ती रक्कम त्या सुमारास काढल्याची नोंद असेल तर जोडा. नसेल तर 2 लाख 70 हजारांवरच लढायची तयारी ठेवा. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

बिलावर ‘पुणे न्यायालयाच्या अधीन’ छापलंय, त्याला घाबरू नका. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो. तुम्हाला वांद्र्याच्या आयोगात यायचंय, कारण आधार कार्ड मुलुंडचं. पण फ्लॅट भाड्यानं दिलाय, राहता शहापुरात, बॅटऱ्याही तिथेच. ठाण्याच्या जिल्हा आयोगात जा. अधिकारक्षेत्राच्या वादात एक वर्ष घालवण्यात तुमचा काही फायदा नाही. दाखल ऑनलाइनही करता येतं. विक्रेता आणि बॅटरी बनवणारी कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा.

वकिलाची नोटीस आधी द्यावीच लागते, असा नियम नाही. आठ दिवसांची मुदत देऊन याच आठवड्यात स्पीड पोस्टानं पाठवा आणि तक्रारीचा मसुदा सोबतच तयार ठेवा.

शनिवार-रविवारी दोन खोल्या पाहुण्यांना देता, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून ‘व्यापारी वापर’, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप येऊ शकतो. घरखर्चापुरतं उत्पन्न असेल तर त्याला उत्तर आहे, पण हिशेब पाहिल्याशिवाय ठाम बोलत नाही. शेतघराची परवानगी हा वेगळा विषय, सातबारा पाहिल्याशिवाय त्यावर मत देणार नाही. महावितरणची जोडणी मात्र खुशाल मागा. तिनं तुमच्या दाव्याला बाधा येत नाही. वीज कायद्याच्या कलम 43नुसार अर्जानंतर महिन्याभरात वीज द्यायची असते, लाइन वाढवावी लागली तर जास्त वेळ लागतो.

निकाल कधी, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि शेतावर अंधारात बसलेल्या माणसाला हे सांगताना मला लाज वाटते. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात, त्यापुढे एकही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020मध्ये हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात ठरवलंय. तो गाफील राहिला तर त्याचं म्हणणं रेकॉर्डवर येणार नाही.

आज संध्याकाळपर्यंत चारही बॅटऱ्यांचे सीरियल नंबर दिसतील असे फोटो, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू आणि पंपाबद्दलचं खरं उत्तर पाठवा. कार्डावर ‘36 अधिक 24’ (महिने) असं काही छापलंय का, तेही पाहा. तसं असेल तर पूर्ण बदलून मिळण्याची तीन वर्षं याच दिवाळीत संपतात, आणि मागणी काय करायची ते त्यावरून ठरवावं लागेल.